विन्शगाऊ सायकल मार्ग (रेशेन ते मेरान): घाई असेल तर नका जाऊ

पाचपैकी साडेचार देतेय, अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच. आधी हे काय आहे ते सांगते. उत्तर इटलीत ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमेला चिकटून साउथ टायरॉल प्रांत आहे, त्याच्या पश्चिम टोकाला विन्शगाऊ नावाची लांबलचक दरी, इटालियनमध्ये तिलाच व्हाल व्हेनोस्ता म्हणतात. वरच्या टोकाला रेशेनची खिंड साधारण 1500 मीटरवर, खालच्या टोकाला मेरान शहर 325 मीटरवर, आणि मधे साधारण 80 किलोमीटरचा सायकल ट्रॅक, जो मोठ्या रस्त्यापासून बहुतेक ठिकाणी वेगळाच ठेवलाय. एच नदी (इटालियनमध्ये आदिजे, इटलीतली दुसऱ्या नंबरची लांब नदी) रेशेनजवळच उगम पावते आणि ट्रॅक जवळजवळ सगळा तिच्या सोबतीने खाली उतरतो. ही वाट काही आजची नाही, रोमन लोकांचा व्हिया क्लाउडिया ऑगस्टा नावाचा रस्ता आल्प्स ओलांडून ह्याच दरीतून जायचा आणि त्याच नावाचा लांब पल्ल्याचा सायकल मार्ग आजही इथून जातो.

आता मुद्द्याचं. हा रूट सगळीकडे "सोपा उतार, घरच्या सगळ्यांना जमेल, अर्ध्या दिवसात होतो" असा सांगितला जातो. त्यात खोटं काहीच नाही. मेरानहून ट्रेनने वर मालसला जायचं, तिथे सायकल भाड्याने घ्यायची, साठेक किलोमीटर खाली घरंगळत यायचं आणि मेरानला सायकल परत द्यायची, बहुतेक लोक हेच करतात. पण असं केलंत तर दरीचा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात शांत भाग, म्हणजे मालसच्या वरचा, तुम्ही बघतच नाही, आणि खालच्या भागातली गावं नुसती कडेने निघून जातात. माझं स्पष्ट मत आहे की ह्या रूटला निदान दोन मुक्काम द्या, एक वर बुर्गाइस किंवा ग्लुर्न्सला आणि एक मधे लाच किंवा नाटुर्न्सच्या आसपास. किलोमीटर मोजले तर हे हास्यास्पद कमी वाटतं, रोज पंचवीस-तीस फक्त, पण इथे सायकल चालवण्यापेक्षा सायकलवरून उतरण्यासारखं जास्त आहे.

सुरुवात रेशेन तलावापासून करा. मालसपर्यंत ट्रेन येते, पुढे तलावापर्यंत बस किंवा सायकल नेणारं शटल. पायात जोर असेल तर मालसहून चढवतही येते पण साडेचारशे मीटरची चढण आहे हे लक्षात घ्या. तलावात उभा असलेला चर्चचा मनोरा तुम्ही फोटोत पाहिला असेलच, चौदाव्या शतकातला, पाण्यातून सरळ वर आलेला. लोक बसमधून उतरतात, फोटो काढतात आणि निघतात, त्यामागची गोष्ट समजून घ्यायला कुणी थांबत नाही म्हणून इथे लिहितेय. आधी इथे दोन वेगळे नैसर्गिक तलाव होते आणि त्यांच्या काठाला ग्राउन नावाचं गाव. विजेसाठी धरण बांधून दोन्ही तलाव एक केले आणि 1950 मध्ये जुनं ग्राउन पाण्याखाली गेलं, दीडशेपेक्षा जास्त घरं आणि पिढ्यानपिढ्या कसलेली शेतं गेली, गावकऱ्यांचा विरोध होता पण तो चालला नाही. मनोऱ्यातल्या घंटा आधी उतरवून घेतल्या आणि मनोरा तेवढा ठेवला. हे कळल्यावर तो फोटोचा स्पॉट राहत नाही, निदान मला तरी तिथे सेल्फी काढावासा वाटला नाही, आम्ही दोघी (मी आणि माझी मावसबहीण) बराच वेळ काठावर नुसत्या बसून होतो.

मनोरा पूर्व काठाला आहे आणि खिंडीचा मोठा रस्ताही त्याच बाजूने जातो, त्यामुळे मनोरा बघून झाला की पश्चिम काठाने या. थोडा चढउतार आहे, काही ठिकाणी खडी आहे, पण एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला पाणी आणि गाड्यांचा आवाज पलीकडे राहतो. समोर दक्षिणेला ऑर्टलर दिसतो, 3905 मीटर, साउथ टायरॉलमधलं सगळ्यात उंच शिखर, आणि हे शिखर पुढचा बराच वेळ समोर असतं, एका वळणावर गायब होतं पुढच्या वळणावर परत येतं.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण ह्याची कल्पना बऱ्याच जणांना नसते. ऊन चढलं की दरीतली हवा तापते आणि वारा खालून वर वाहायला लागतो, म्हणजे उतारावरून येताना नेमका तोंडावर. रेशेन तलावावर काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकायचं) करणारे ह्याच वाऱ्यासाठी येतात त्यावरून जोर किती ते समजून घ्या. म्हणून सकाळी लवकर निघायचं, दुपारी गावात थांबायचं, चर्च बघायचं, जेवायचं. बाराच्या सुमारास लहान गावांतली दुकानं दोन-तीन तास बंद होतात, तेव्हा पाणी, ब्रेड, फळं जे काय घ्यायचं ते सकाळीच घ्या, आणि रविवारी तर शनिवारीच घेतलेलं बरं.

तलावानंतर सांक्ट व्हालेंटीन, मग छोटा हायडर तलाव, आणि मग बुर्गाइसपर्यंत एकदम उतार. हा पूर्ण रूटमधला सगळ्यात तीव्र तुकडा. लहान मुलं सोबत असतील किंवा मागे ट्रेलर असेल तर ब्रेक आधी नीट तपासा, सलग दाबून धरू नका, पुढचा-मागचा आलटून पालटून वापरा. बाजूला मालसर हायडं म्हणून एक प्रचंड पसरट उतार आहे, डोंगरातून वाहून आलेल्या गाळाचा पंखा, आणि त्यावर नुसती गवताची कुरणं. इथे झाडं कमी, आकाश जास्त, आणि जुलै-ऑगस्ट सोडला तर माणसंही फार दिसत नाहीत.

बुर्गाइस मला ह्या दरीतलं सगळ्यात आवडलेलं गाव. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीने थांबायचं, मधे छोटा चौक, चौकात दगडी कारंजं, घरांच्या भिंती जाडजूड आणि खिडक्या खोल. गावाच्या वर डोंगराला चिकटलेला पांढराशुभ्र मारिएनबर्ग मठ, बेनेडिक्टाइन साधूंचा, बाराव्या शतकापासूनचा, 1340 मीटरवर. दरीत कुठूनही मान वर केली की तो दिसतो. सायकल गावात लावून चालत वर गेलात तर बरं, चढ खडा आहे. तळघरातल्या प्रार्थनास्थळात बाराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, शेकडो वर्षं ती झाकलेली होती म्हणून रंग इतके ताजे राहिलेत. गावाच्या खालच्या अंगाला फुर्स्टनबुर्ग नावाचा किल्ला आहे आणि त्यात चक्क शेतकी शाळा चालते. मला हे फार आवडलं, जुन्या वास्तूला कुलूप लावून तिकीट ठेवण्यापेक्षा तिथे पोरं शेती शिकतायत.

मालस हे थोडं मोठं गाव, स्टेशन इथेच. लांबून बघितलं तर गाव कमी आणि मनोरे जास्त दिसतात. इथलं सांक्ट बेनेडिक्ट नावाचं चर्च बाहेरून अगदी साधं, आत कॅरोलिंजियन काळातली, म्हणजे साधारण बाराशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं. लहान जागा आहे, उघडण्याच्या वेळा मर्यादित असतात, आधी माहिती केंद्रात विचारून ठेवा. मालसपासून खाली येताना लाच नावाचं एक छोटं गाव लागतं, पुढे खाली त्याच उच्चाराचं दुसरं मोठं गाव आहे ते वेगळं, नकाशात दोन्हींचं स्पेलिंग बघून घ्या नाहीतर बुकिंग भलतीकडे व्हायचं. तर ह्या वरच्या लाचमध्ये सांक्ट लेओनार्ड चर्च आहे आणि रस्ता त्या चर्चच्या खालून जातो, पोटातून. सायकलवर बसून चर्चखालून जाताना मी मुद्दाम परत फिरून दुसऱ्यांदा गेले.

मग ग्लुर्न्स. सुमारे नऊशे लोकवस्ती, पण कायद्याने हे शहर, आणि चारही बाजूंनी तटबंदी अजून पूर्ण उभी. 1499 मध्ये जवळच काल्व्हनला लढाई झाली, त्यानंतर स्वित्झर्लंडच्या बाजूच्या ग्राउब्युंडनच्या फौजांनी हे गाव जाळलं, तेव्हा सम्राट माक्सिमिलियनने ते परत बांधायला घेतलं आणि तटबंदीचं काम पुढे सोळाव्या शतकात पूर्ण झालं. वेशीचे तीन दरवाजे आहेत, सायकल त्यातल्याच एकातून आत जाते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते. आत कमानींची बुटकी गल्ली आहे, पूर्वी ह्या भागात मिठाचा व्यापार चालायचा आणि दुकानं ह्या कमानींखाली असायची. दिवसा टूरिस्ट असतात. संध्याकाळी सहानंतर ते जातात आणि मग ह्या गावात जे वाटतं ते वाटण्यासाठी इथे मुक्काम करायचा, तटाच्या बाहेरून एक चक्कर, आतून एक चक्कर, लोक दारात बसलेले असतात, "ग्र्युस गॉट" (इथला नमस्कार) म्हणतात. हो, इथे बोलणं जर्मनच जास्त. पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रियाकडे होता, नंतर इटलीत आला, त्यामुळे प्रत्येक गावाला दोन नावं आणि पाट्या दोन भाषांत. ट्रेनच्या ॲपमध्ये मालस टाकलं तरी चालतं माल्लेस टाकलं तरी चालतं, पण ग्लुर्न्सचं इटालियन नाव ग्लोरेंझा, आणि हॉटेलांचे पत्ते कधी एका नावाने कधी दुसऱ्या, दोन्ही नावं लिहून ठेवलेली बरी.

ग्लुर्न्सहून एक साइड ट्रिप सुचवते, ज्यांना थोडा चढ चालतो त्यांच्यासाठी. पश्चिमेकडच्या दरीत साधारण दहा-बारा किलोमीटर वर गेलं की सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमधलं म्युस्टेर येतं, तिथला सांक्ट योहान मठ 1983 पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि आतली भित्तिचित्रं शार्लमेनच्या काळापर्यंत मागे जातात. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो पण पासपोर्ट खोलीवर ठेवून जाऊ नका, देश बदलतोय. आणि तिकडे फ्रँक चालतात, कार्ड जवळ ठेवा. संपूर्ण मार्गात एवढ्या कमी अंतरात एवढं मोठं काही बघायला मिळण्याची ही एकच जागा आहे, आणि परतीचा रस्ता सगळा उताराचा.

दुसरी बाजू श्लुडर्न्सची, ग्लुर्न्सपासून अगदी जवळ. तिथला खुरबुर्ग किल्ला तेराव्या शतकात बिशपने बांधलेला, नंतर ट्राप घराण्याकडे आला आणि आजही त्यांच्याकडेच आहे. त्यातला चिलखतांचा संग्रह बघाच. ही संग्रहालयात गोळा करून आणलेली चिलखतं नाहीत, ह्याच घरातल्या माणसांनी अंगावर घातलेली आहेत, एक तर इतकं उंच की माणूस किती धिप्पाड असेल ह्याचाच विचार करत राहिलो. सोमवारी बहुधा बंद असतो आणि हिवाळ्यात तर बंदच, प्लॅन त्याप्रमाणे करा.

पुढे प्राडला डावीकडे न वळता जो रस्ता वर जातो तो स्टेल्व्हियोचा, 2757 मीटरची खिंड आणि ह्या बाजूने 48 क्रमांक घातलेली वळणं. नाव मोठं आहे, मोटरसायकलींचा आवाजही मोठा आहे. शांत टूरिंगसाठी आला असाल तर तो मोह सोडून नदीकाठाने लासकडे जा.

लास म्हणजे संगमरवराचं गाव. वर डोंगरात खाणी आहेत, पांढराशुभ्र आणि थंडीवाऱ्यात टिकणारा दगड निघतो, दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या थडग्यांवरचे क्रॉस ह्याच दगडाचे, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटर स्टेशनची फरशीही इथलीच. गावात तर साधे फुटपाथसुद्धा संगमरवरी, पावसात सायकल घेऊन त्यावर चढू नका, सटकते. जुलैच्या शेवटाला आलात तर इथले जर्दाळू मिळतात, रस्त्याकडेला टेबल टाकून विकतात. त्यासोबत इथला राईचा ब्रेड घ्या, दोन चपटे गोल एकमेकांना चिकटलेले, पार्ल म्हणतात, मेथीच्या जातीची एक वनस्पती आणि बडीशेपेसारखे मसाले घातलेले असतात. पॅनिअरमध्ये (सायकलच्या कॅरिअरला बाजूने अडकवायच्या पिशवीत) दोन दिवस आरामात टिकतो.

आता अर्धा तारा. श्लांडर्सपासून खाली दरी सफरचंदांनी भरलेली आहे, आणि भरलेली म्हणजे खरोखर इंच न सोडता, तारांवर चढवलेल्या झाडांच्या रांगा, वर गारांपासून वाचवायला जाळ्या. एप्रिलमध्ये फुलं आली की डोळ्याचं पारणं फिटतं हे खरं, पण इतर वेळी तास-दोन तास तेच ते, आणि फवारणीचे दिवस असतील तर वास येतो. हा विषय तिथल्या लोकांनाही छळतो, वर मालसमध्ये 2014 ला कीटकनाशकांवर बंदी घालावी म्हणून सार्वमत घेतलं होतं आणि मतदान करणाऱ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोकांनी बंदीच्या बाजूने मत दिलं, नंतर प्रकरण कोर्टात गेलं आणि ती बंदी टिकली नाही. वरच्या कुरणांतून आल्यावर खालच्या बागा बघितल्या की त्या लोकांना काय वाचवायचं होतं ते डोळ्यांनी दिसतं.

खालच्या भागाची दुसरी अडचण गर्दी. जुलै-ऑगस्टमध्ये अकरा ते तीन भाड्याच्या सायकली आणि ई-बाईकचा लोंढा असतो, सगळे एकाच दिशेने, बरेच जण सायकलची सवय नसलेले, अचानक थांबतात. बेल असू द्या, इटलीत ती कायद्यानेही लागते, आणि रात्री गावाबाहेर किंवा बोगद्यात चालवणार असाल तर चमकणारं जॅकेट पण सक्तीचं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सफरचंदांची तोडणी चालू असते तेव्हा ट्रॅकवर ट्रॅक्टर येतात कारण ट्रॅकचा बराच भाग शेतरस्ताच आहे. त्यांना आधी जाऊ द्या, त्यांचं वर्षाचं काम चाललेलं असतं. मला विचाराल तर मेचा शेवट, जून किंवा सप्टेंबर हे महिने सगळ्यात चांगले, वर थंडी गेलेली असते आणि गर्दी नसते.

आणि एक खरी तक्रार, जिच्यासाठी मी गुण कापले. ट्रॅक नदीकाठाने नेलाय त्यामुळे तो गावांना वळसा घालतो. पुढच्या मोठ्या गावाचं अंतर दाखवणाऱ्या पाट्या अप्रतिम आहेत, कुठे चुकायला होत नाही, पण "इथून चारशे मीटरवर बाराशे वर्षं जुनं चर्च आहे" हे सांगणारं ट्रॅकवर फारसं काही नाही. उदाहरण म्हणजे नाटुर्न्सचं सांक्ट प्रोकुलुस. बागांच्या कडेला एवढंसं चर्च, आत जर्मनभाषक प्रदेशातल्या सगळ्यात जुन्या भित्तिचित्रांपैकी काही, त्यात दोरीवर बसून झोका घेतल्यासारखा एक माणूस, संत प्रोकुलुस व्हेरोनाच्या भिंतीवरून निसटतोय असं मानतात, चेहरा असा की लहान मुलाने काढलाय वाटावं आणि तरी नजर हटत नाही. आम्ही आत होतो तेवढ्या वेळात बाहेरून कितीतरी सायकली गेल्या, एकही थांबली नाही. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही.

मधल्या भागात एक गोष्ट मात्र शोधून बघा, वाल. ही दरी आल्प्समधल्या सगळ्यात कोरड्या दऱ्यांपैकी, वर्षाला जेमतेम 500 मिलीमीटर पाऊस, म्हणून लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी हिमनद्यांचं पाणी पाटांनी डोंगराच्या कडेकडेने शेतापर्यंत आणलं, ह्या पाटांना वाल म्हणतात. काही पाटांवर छोटं पाणचक्र आणि त्याला हातोडी आणि घंटी, पाणी वाहतंय तोवर टण टण वाजत राहते, घंटी थांबली की राखणदाराला कळतं कुठेतरी पाट तुंबला. पाटाच्या कडेने चालायची वाट असते, ती चालणाऱ्यांसाठीच आहे, सायकल खाली लावून जा. लाच (हे खालचं, मोठं) जवळ असा एक सुंदर पाट आहे, सकाळचा एक तास त्याला दिला तर पुढे सफरचंदांच्या बागा वेगळ्या दिसतात, पाणी कुठून येतं ते पाहिलेलं असतं.

सायकल आणि ट्रेन ह्या सेवेबद्दल. मेरान ते मालस ही 60 किलोमीटरची लाइन 1906 ला सुरू झाली, 1990 च्या सुमारास सरकारी रेल्वेने बंद केली, आणि मग प्रांताने स्वतः हातात घेऊन 2005 ला परत चालू केली. ती चालू झाली म्हणून हा सायकल मार्ग सगळ्यांसाठी खुला झाला असं मला वाटतं, नाहीतर चढवणं ज्यांना जमतं त्यांच्यापुरताच राहिला असता. एका स्टेशनवर सायकल घेऊन दुसऱ्यावर परत देता येते, ई-बाईक, मुलांच्या सायकली, ट्रेलर सगळं मिळतं. सीझनमध्ये आदल्या दिवशी बुक करा. घेताना सीटची उंची, दोन्ही ब्रेक, गिअर आणि टायरची हवा तिथेच बघा, आणि पंक्चर झालं तर कुणाला फोन करायचा ते विचारून घ्या. पॅनिअर लावायला कॅरिअर प्रत्येक सायकलला असेलच असं नाही, सामान असेल तर बुकिंग करतानाच सांगावं लागतं.

साउथ टायरॉलमध्ये बहुतेक हॉटेल आणि गेस्टहाउसवाले मुक्कामाला आलेल्यांना गेस्ट पास देतात, त्यावर प्रांतातल्या लोकल ट्रेन आणि बस फुकट. पण तो माणसासाठी आहे, सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि ट्रेनमध्ये सायकलला जागा मोजकी असते, गर्दीच्या वेळी चढू देत नाहीत. म्हणून स्वतःची सायकल असेल तर सकाळची पहिली-दुसरी ट्रेन पकडा, आणि निघायच्या आधी त्या दिवसाचं वेळापत्रक बघा. एका रात्रीसाठी खोली द्यायला ऑगस्टमध्ये काहीजण नाखूश असतात, अशा वेळी गावातली शेतघरं, जिथे शेतकरी कुटुंब खोल्या देतं, ती विचारून बघा, आम्हाला सगळ्यात चांगला नाश्ता तिथेच मिळाला आणि सायकली रात्री गोठ्याशेजारच्या खोलीत कुलपात ठेवायला दिल्या.

नाटुर्न्सच्या खाली रबलांडला थोडं थांबा, इथे सोळाव्या शतकात रोमन मैलाचा दगड सापडला, इ.स. 46 चा, सम्राट क्लाउडियसच्या नावाचा, वर ज्या रोमन रस्त्याचं बोलले त्याचाच. गावात त्याची प्रतिकृती आहे, मूळ दगड बोल्झानोला. शेजारच्या पार्चिन्समध्ये टाइपरायटरचं संग्रहालय आहे कारण पेटर मिटरहोफर नावाचा सुतार इथला, त्याने 1864 मध्ये लाकडाचा टाइपरायटर बनवला आणि मदत मागायला चालत व्हिएन्नाला सम्राटाकडे गेला होता. पाऊस आला तर दुपार घालवायला ह्यापेक्षा चांगली जागा ह्या पट्ट्यात नाही.

शेवटी ट्यॉल. इथे दरी एकदम तुटते आणि ट्रॅक वळणावळणांनी मेरानच्या बाजूला उतरतो, साधारण पावणेदोनशे मीटर खाली. खाली पाम वृक्ष दिसायला लागतात, हवा गरम होते. ह्या वळणांवर समोरून चढणारे लोकही असतात, वळण कापू नका, आतल्या बाजूला येऊ नका. मुलं थकलेली असतील तर ट्यॉलच्या स्टेशनवरूनच ट्रेन घेऊन मेरान गाठता येतं, आणि दिवसाच्या शेवटी सायकली परत द्यायच्या रांगेत उभं राहायचं नसेल तर मेरानला चारच्या आधी पोचा.